आत्याच्या बाह्या

माझ्या आत्याला कोड आहे. हे मी इतकं सरळ लिहिलंय म्हणून आमच्या घरातल्या निम्म्या माणसांना आज जेवण जाणार नाही, पण त्याला माझा इलाज नाही. तिच्या कोपरांवर, दंडांवर, पोटावर, नडग्यांवर, पावलांवर पांढरे चट्टे आहेत. चेहऱ्यावर नाहीत. "देवानं तोंड तेवढं सोडलं," असं आजी म्हणायची, आणि त्या सोडलेल्या तोंडाच्या जोरावर बाकीची आत्या आमच्या घराने कपड्यात गुंडाळून ठेवली. मनगटापर्यंत बाह्या, गळ्याशी बंद गुंडी, घोट्यापर्यंत झगा आणि खाली मोजे. पंखासुद्धा गरम वारा फेकायला लागतो त्या दिवसांत ही बाई मोजे घालून शिलाई मशीन चालवते.

आत्या कपडे शिवते. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला तिची खोली आहे. दारातच पायमशीन, मग कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा, कोपऱ्यात घालून बघायला पडदा. त्या पडद्यामागे आसपासच्या सगळ्या बायका कधी ना कधी उभ्या राहिल्यात. माप घेताना प्रत्येक बाई पोट आत ओढते, आणि आत्या तोंडातल्या टाचण्या न काढता प्रत्येकीला तेच सांगते, "पोट सोडा. टेपला फसवाल हो, पण शिवण उसवली की माझ्याकडेच याल." एखादी लाजत पूर्ण बाह्या मागायला लागली की हिला राग येतो. "चांगले दंड आहेत तुमचे. कशाला झाकता?" आणि बिनबाह्यांचा ड्रेस शिवून हातात देते. त्या बाईला कधी वाटलं नसेल, की हे सांगणारीचे स्वतःचे दंड कुणी पाहिलेलेच नाहीत.

आत्याचं स्वतःचं माप कुणी घेतलेलं नव्हतं. जुना झगा कापडावर अंथरायचा, भोवती खडू फिरवायचा, कापायचं. असं इतकी वर्षं चाललं होतं, आणि त्या जुन्या झग्याच्या बाह्या पिढ्यान्‌पिढ्या पुढच्या झग्यात उतरत राहिल्या.

पहिला चट्टा ती शाळेत असताना कोपरावर आला. आजीने लेप लावले, काढे पाजले, आणि कशानेच जाईना तेव्हा न्हाणीत बसवून टाचा घासायच्या वजरीने घासलं. रक्त येईपर्यंत घासलं. ते सांगताना आत्या आजीला दोष देत नाही, मी देते. घासून गेलं नाही म्हटल्यावर आजीने दुसरा उपाय काढला, झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्याचं लग्न करायचं नाही हे तर कुणी न बोलताच ठरलं. बाबांचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडचे आले त्या दिवशी आत्याला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली, आणि पाहुण्यांना सांगितलं की ती मामाकडे गेलीय. दाराच्या आत बसून आत्याने स्वतःच्या मामाकडे जाण्याची सगळी हकीकत ऐकली.

ती मुलगी म्हणजे माझी आई. तिला लग्नानंतर कळलं. आपल्याला फसवलं म्हणून ती रडली, माहेरी निघून गेली, परत आली. आणि मग मी झाले, तेव्हापासून आई या गुपिताची सगळ्यात कडक राखणदार झाली, कारण आता तिलाही एक मुलगी उजवायची होती. फसलेल्या माणसानेच फसवणूक पुढे चालवावी याचा मला संताप येतो. आईची कीवही येते, पण संताप जास्त येतो.

तर माझं लग्न जवळपास ठरलं. मुलगा परदेशात नोकरीला, त्याची आईही तिथेच त्याच्यापाशी. फोनवर बोलणं होऊन आम्ही एकमेकांना पसंत होतो. सुट्टीत सगळे इकडेच या, चार दिवस फिरा, समोरासमोर बोलणी करू, असं त्याच्या आईने सुचवलं. बाई अजून विहीण झाली नव्हती, पण आई पहिल्या फोनपासूनच तिला विहीणबाई म्हणायला लागली होती, म्हणून मीही तेच नाव चालवते.

मी म्हटलं, आत्या येणार असेल तर मी येईन. आईने खूप कारणं काढली. आत्याला प्रवास झेपणार नाही, दुकान बंद राहील, गिऱ्हाइकं तुटतील. मी त्या कापायच्या टेबलाखाली बसून अभ्यास केलाय, चिंध्यांच्या बाहुल्या केल्यात, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा शाळेतून थेट त्याच खोलीत पळत आलेय. मी ऐकणार नव्हते. शेवटी बाबा म्हणाले, "येऊ दे तिला. ती काय, बसेल एका कोपऱ्यात." बाबा आत्याचे धाकटे भाऊ. तिच्याबद्दल ते नेहमी असंच बोलतात, सामानाबद्दल बोलावं तसं.

परदेशात पोचलो. विहीणबाई गोड होत्या, हे मान्य करायला हवं. हसऱ्या, उत्साही, सतत काहीतरी खायला देणाऱ्या. दर चार वाक्यांनी त्या सांगायच्या की आम्ही मोकळ्या विचारांची माणसं आहोत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की उद्या सगळ्या बायकांनी स्पाला जायचं. साधासुधा नव्हे, जुन्या पद्धतीचं सार्वजनिक न्हाणीघर. गरम वाफ, गरम दगड, आणि एक बाई अंग घासून घासून नवं करून देते. "जन्माचा मळ निघतो," त्या म्हणाल्या. आईने आत्याच्या बाह्यांकडे बघितलं.

सकाळी हॉटेलच्या खोलीत आईने आत्याला समोर बसवलं. "विहीणबाईंनी आग्रह केला तर सांगायचं, मला वाफ सोसत नाही. दमा आहे म्हणायचं."

"मला दमा कधी झाला?" आत्याने विचारलं.

"आजच्यापुरता होऊ दे."

मी मध्ये तोंड घातलं तर आई म्हणाली, "तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं." माझ्यासाठी म्हणून आमच्या घरात जे जे केलं जातं, ते मला कुणी आधी विचारत नाही. आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दमा कबूल केला.

न्हाणीघराच्या बाहेरच्या खोलीत लाकडी बाकं होती. आत्या तिथे बसणार, आम्ही आत जाणार, असं ठरलं. विहीणबाईंनी दम्याबद्दल खूप हळहळ व्यक्त केली. आम्ही कपडे ठेवायच्या खोलीत गेलो, कपाटाची किल्ली मनगटाला बांधली, चौकड्यांचं पातळ कापड गुंडाळलं आणि वाफेत शिरलो. मध्ये भला मोठा गुळगुळीत दगड, खालून तापवलेला, आणि त्यावर पालथ्या उताण्या पडलेल्या सगळ्या वयाच्या बायका. विहीणबाई आणि आई एका कडेला आडव्या झाल्या. मी नळापाशी बसून वाडग्याने अंगावर पाणी घेत होते.

बाहेर काय झालं ते आत्याने मला नंतर सांगितलं. न्हाऊन निघालेल्या बायका तिच्यासमोरून जात होत्या. लाल झालेल्या, ओल्या केसांच्या, कापड कसंबसं गुंडाळलेलं. आत्या सवयीने त्यांची मापं बघत बसली. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पोटावर टाक्यांची रेघ, एका म्हातारीला पाठीला चांगलंच कुबड. "आणि एकीनंही पोट आत ओढलं नव्हतं गं," आत्या म्हणाली. "इतक्या बायका, आणि एकही नाही. माझ्या दुकानात अख्ख्या जन्मात असं झालं नाही. मी म्हटलं, खड्ड्यात गेला दमा."

वाफेच्या खोलीचं दार उघडलं आणि आत्या आत आली. कापड तिने काखेखाली घट्ट आवळून धरलं होतं, पण एवढंसं कापड काय काय झाकणार? आईने मान उचलून पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

अंग घासणारी बाई दणकट होती. बाह्या कोपराच्या वर, हातात खरखरीत मोजा. तिने आत्याला बघून दगडावर दोनदा थाप मारली, म्हणजे ये, आडवी हो. आत्या आडवी झाली. बाईने काखेखालचं कापड कमरेपर्यंत ओढून टाकलं, बादलीभर पाणी ओतलं आणि घासायला लागली. मी आत्याशेजारी झोपत वाढले, पण तिची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पाठ झाली, दंड झाला, कोपर आलं. बाईने कोपर घासलं. पाणी टाकलं. परत घासलं. डोळे बारीक करून जवळून पाहिलं आणि आणखी जोर लावला. तिला वाटलं असावं की कसला तरी लेप वाळून बसलाय, साबण राहिलाय. आपल्या हाताखालून असं अर्धवट अंग जाऊ द्यायला ती तयार नव्हती. तिने मोजा बदलला. दात ओठ खाऊन पुन्हा सुरुवात केली.

आत्या हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ती उताणी होऊन खदखदून हसली. "निघत नाही बाई ते! माझ्या आईनंही घासून बघितलंय. वजरीनं!" त्या बाईला अर्थातच काही कळलं नाही. "कोड आहे," आत्या म्हणाली. मग आणखी मोठ्याने, "कोड! कोड!" उंच छताच्या त्या खोलीत तो शब्द घुमला आणि चारी भिंतींवरून परत आला. आमच्या घरात आजवर तो कुणी कुजबुजतही उच्चारला नव्हता.

बाईने खांदे उडवले. कोपरावर एक थाप दिली, जणू ठीक आहे, राहू दे, आणि नडग्या घासायला लागली. थोड्या वेळाने आत्याच्या ढुंगणावर चापट मारून तिने खुणेने सांगितलं, पालथी हो. आत्या पालथी झाली. ती पुन्हा हसत होती.

"लहानपणी भाजलं होतं हो तिला," आई विहीणबाईंना सांगत होती. "उकळतं पाणी सांडलं. बिचारी."

दगडाला टेकलेल्या गालाने आत्या म्हणाली, "अगं, भाजलं नाही. कोड आहे. कुणाला लागत नाही, दुखत नाही, खाजत नाही. नुसतं दिसतं."

विहीणबाई उठून बसल्या होत्या. "अहो, मग त्यात काय एवढं!" त्या पटकन म्हणाल्या. "आम्ही नाही असलं काही मानत." आणि असं म्हणताना त्यांनी आपला पाण्याचा वाडगा आत्याजवळून उचलून पलीकडे ठेवला. त्यांना स्वतःलाही ते कळलं नसेल. मला कळलं, आईलाही कळलं, आणि आत्याला तर कळलंच.

कपडे घालताना आत्या माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "खरं सांग. पाठीवर आहे का?"

"आहे."

"किती?"

मी बोटाने दाखवलं, खांद्यापासून खाली, कमरेच्या वळणापर्यंत. तिची कातडी घासून ऊन ऊन झाली होती.

"अस्सं," ती म्हणाली. "आणि मी समजत होते, पाठ तरी कोरी असेल." मग तिने झगा घातला, गुंड्या लावल्या, आणि मोजे घडी करून पर्समध्ये टाकले. उघड्या पावलांत चपला घालून ती बाहेर पडली.

संध्याकाळी विहीणबाईंच्या घरी चहाला जमलो. बाबांना आईने सगळं सांगितलं होतं, ते आत्याकडे बघतही नव्हते. विहीणबाई बराच वेळ ताकाला जाऊन भांडं लपवत राहिल्या. हवापाणी झालं, प्रवास झाला. मग त्यांनी आईला विचारलं की हे मुलाबाळांत उतरतं का, अगदी सहज विचारतेय हं. मग म्हणाल्या की आमची काहीच हरकत नाही, लग्न ठरल्यासारखंच आहे. "फक्त एक. समारंभात आत्याबाईंनी नेहमीसारख्या पूर्ण बाह्या घालाव्या. मोजेही. मला काही नाही हो, पण आमच्याकडची बाकीची माणसं जुन्या विचारांची आहेत. फोटो असतात, व्हिडिओ असतो." बाकीच्या माणसांच्या खांद्यावर बंदूक ठेवून बाई मोकळी झाली.

बाबांचा जीव भांड्यात पडला. "अहो, ती घालतेच!" ते म्हणाले. "कायमच घालते. सांगायलाही नको." कोपऱ्यातलं सामान हलणार नाही याची हमी द्यावी, तसे ते हसले.

आत्याने कप खाली ठेवला. "नाही घालणार," ती म्हणाली.

"ताई, हा विषय नंतर बोलू."

"नंतर काय? तुझं लग्न ठरताना मी मामाकडे गेले होते. हिच्या लग्नाला मी इथेच असणार आहे, आणि सगळी असणार आहे."

मुलाने मला खुणेने गॅलरीत बोलावलं. तो वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्याने माझा हात धरला, चेहरा खरंच कळवळलेला होता. "आईचं मन राहील गं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तिचा तो एक दिवस शाळेपासून चालू आहे."

"पण तू कशाला मध्ये पडतेस? आपलं छान चाललंय."

मी त्याला विचारलं, "उद्या मला कोड आलं तर?"

मला वाटलं तो विचार करेल. त्याने केला नाही. हसला, माझ्या गालाला हात लावला आणि मला धीर द्यावा तसं म्हणाला, "मग तूही पूर्ण बाह्या घालशील. त्यात काय!"

त्याला वाटलं त्याने प्रेमाने उत्तर दिलं. दिलंही असेल. पण मला त्या क्षणी माझ्या सगळ्या झग्यांच्या बाह्या लांब होताना दिसल्या. कोडच कशाला, काहीही निघेल. मूल झालं नाही, नोकरी गेली, डोकं बिघडलं, वजन वाढलं, की या घरात माझ्या मापाचं झाकण तयार. मी हात सोडवून घेतला, आत गेले, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हे लग्न मी करणार नाही. आई रडली. बाबा ओरडले. विहीणबाई म्हणाल्या, मुलगी फारच तापट आहे, बरं झालं आधी कळलं. त्याबाबतीत त्यांचं बरोबर होतं.

परतीच्या प्रवासात आत्या माझ्याशेजारी बसली होती. "माझ्यासाठी मोडू नकोस गं," ती म्हणाली. "मला ते ओझं नको."

"तुझ्यासाठी नाही मोडलं. माझ्या बाह्यांसाठी मोडलं."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "मग ठीक आहे," म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

घरी आई आमच्या दोघींशी बोलेना. ताट वाढायची, पण आमच्या पुढ्यात जरा जोरातच ठेवायची. बाबा ज्याला त्याला सांगत होते की बहिणीने पोरीचा संसार मांडण्याआधीच मोडला. ते ऐकून आत्या एकदाच म्हणाली, "अरे, कडी बाहेरून लावली होती तेव्हा मी दार वाजवायला हवं होतं. तेवढंच चुकलं माझं." बाबा पेपरमागे गेले. तो त्यांनी उलटा धरलाय असं सांगायला मला फार आवडलं असतं, पण तो सरळच होता.

मग एके दिवशी दुपारी आत्याने मला दुकानात बोलावलं. टेबलावर कापड पसरलेलं होतं, गर्द निळं, माझ्या लग्नासाठी स्वतःला म्हणून तिने आधीच आणून ठेवलेलं. जुना झगा कुठेच नव्हता. तिने गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला.

"घे माझं माप."

ती आरशासमोर उभी राहिली. मी छाती मोजली, कंबर मोजली. पोटाशी आले आणि बघते तर काय, बाई श्वास धरून उभी.

"पोट सोड," मी म्हटलं. "शिवण उसवली की माझ्याकडेच येशील."

तिने मला एक शिवी दिली, इथे लिहिण्याजोगी नाही, आणि पोट सोडलं. मी आकडे खडूने टेबलावर लिहीत गेले. खांदा झाला, मुंढा झाला. मग सवयीने टेप तिच्या खांद्यावरून मनगटाकडे न्यायला लागले, तर तिने माझा हात धरला.

"तिकडे काही नाही मोजायचं."

"आणि घालणार कधी? लग्न तर मोडलं."

"लग्नाला घालणार होते. आता भाजी आणायला घालीन."

झगा दोन दिवसांत शिवून झाला. सकाळी आत्या तो घालून पिशवी घेऊन निघाली, आणि मी तिच्याबरोबर. ऊन चढलं होतं. दंड उघडे, चट्टे उघडे, पायात नुसत्या चपला. वरून गॅलरीतून आईचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी ती आमच्याशी बोलत होती.

"छत्री तरी घ्या!"

आत्या थांबली, वर बघितलं. "उन्हासाठी, की लोकांसाठी?"

आई कठड्याला धरून उभी राहिली. आम्ही पुढे निघालो.

बाजारात लोकांनी बघितलं. काहींनी नजर वळवली, काहींनी वळवून परत आणली. टोमॅटोच्या ढिगापाशी आत्याचं जुनं गिऱ्हाईक भेटलं, तीच बाई, जिला आत्याने बिनबाह्यांचा पहिला ड्रेस बळेच शिवून दिला होता. ती आत्याच्या दंडांकडे बघतच राहिली. आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने, तिने विचारलं, "अगंबाई, हाताला काय झालं हो?"

आत्या टोमॅटो दाबून बघत होती. मान वर न करता, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"हाताला काही नाही झालं. बाह्या कापल्या."